पारोळा ते जळगाव रोज १२४ किलोमीटर: जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी काही समजूत चुकली असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. घर पारोळ्यात, नोकरी जळगाव एमआयडीसीत. घराच्या फाटकापासून कंपनीच्या गेटपर्यंत ६२ किलोमीटर, जाऊन-येऊन १२४, आठवड्याचे सहा दिवस. सध्याच्या पेट्रोल गाडीला महिन्याला अठरा हजारांच्या वर पेट्रोल लागतं. बजेट आठ लाख. नाशिकला २०२१ च्या ऑगस्टमधली टाटाची एक नेक्सॉन ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक नेक्सॉन, तुम्ही पाहून ठेवली आहे, ५८ हजार किलोमीटर चाललेली, मालक सव्वासात लाख सांगतोय. दुसरीकडे एक टियागो ईव्ही सहा लाखांत मिळतेय. घरचे म्हणतात, सीएनजी घे आणि मोकळी हो. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही विचारलंय, "बॅटरी गेली तर काय?"

मी जळगावात बावीस वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतोय. गेली सहा वर्षं त्यातला मोठा भाग इलेक्ट्रिक गाड्यांचा आहे, आणि लोकांसाठी जुन्या गाड्या तपासून देणं हे आता जवळजवळ रोजचंच झालंय. तुमच्यासारखं रोजचं लांबचं येणं-जाणं असणाऱ्यांना जुनी इलेक्ट्रिक गाडी सगळ्यात जास्त फायद्याची पडते. आणि चुकीची निवडली तर सगळ्यात जास्त त्रासही त्यांनाच होतो. दोन्ही बाजू नीट सांगतो.

सुरुवात वॉरंटीपासून करतो, कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. नेक्सॉनच्या बॅटरीला आणि मोटरला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी संपेल तिथपर्यंत वॉरंटी. विकणारा तुम्हाला काय सांगणार? "मॅडम, २०२९ पर्यंत वॉरंटी आहे." तारखेचा हिशेब बरोबर आहे, पण तुमच्यासाठी तो उपयोगाचा नाही. वर्षाला सुट्ट्या-रजा वजा जाता २८५ दिवस धरा. १२४ ने गुणलं की ३५ हजारांच्या वर जातं. त्यात लग्नकार्यं, धुळ्याच्या फेऱ्या मिळवा, ३७ हजार झाले. ५८ हजारांवरून १ लाख ६० हजारांपर्यंत उरतात १ लाख २ हजार. ते तुम्ही पावणेतीन वर्षांत संपवाल. २०२९ चा ऑगस्ट उजाडायच्या आधीच वॉरंटी संपलेली असेल.

म्हणून रोज लांब जाणाऱ्याने गाडीचं साल नंतर बघावं, मीटर आधी. आठवड्याला शंभर किलोमीटर फिरणाऱ्या माणसासाठी २०२२ ची ७५ हजार चाललेली गाडी चालेल. तुमच्यासाठी त्यापेक्षा २०२१ चीच पण ३० हजार चाललेली गाडी चाळीस-पन्नास हजार जास्त देऊनही स्वस्त पडेल. बाजारात मात्र भाव सालावर ठरतो, त्यामुळे कमी चाललेली, थोडी जुनी गाडी शोधत राहिलं तर मिळते. निवृत्त माणसांच्या, गावातल्या गावात वापरलेल्या गाड्या अशा असतात. काही नव्या मॉडेलांवर 'लाइफटाइम' बॅटरी वॉरंटीची जाहिरात दिसते, तिच्यावर भुलून जुनी गाडी घेऊ नका. तिचा पूर्ण लाभ पहिल्या मालकाला असतो, दुसऱ्याच्या अटी वेगळ्या. कोणतीही गाडी असो, चॅसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि वॉरंटी चालू आहे का, कुठल्या तारखेपर्यंत, किती किलोमीटरपर्यंत, हे कागदावर लिहून घ्या. तोंडी नको. बॅटरीची ताकद किती टक्क्यांखाली गेली तर कंपनी दखल घेते, हेही वॉरंटी पुस्तिकेत वाचून घ्या. रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर, थोडी कमी झाली म्हणून कुणी बॅटरी बदलून देत नाही.

आता रेंज. जुन्या नेक्सॉनची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या लाइट बिलाच्या भाषेत तीस युनिटची. कागदावरची रेंज ३१२ किलोमीटर. तो आकडा विसरून जा, तो प्रयोगशाळेतला आहे. मी हिशेब असा करतो. पाच वर्षं वापरलेल्या, बऱ्या अवस्थेतल्या गाडीत २६ युनिट वापरता येतील असं धरतो. त्यातले १५ टक्के कधीच वापरायचे नाहीत, ते वळणासाठी, पावसासाठी, रस्ता बंद असला तर फिरून जाण्यासाठी. उरले २२. मे महिन्यात एसी लावून ताशी ऐंशी-नव्वदने गेलात तर किलोमीटरला १४५ वॅट-तास जातात (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट). २२ ला त्याने भागा, १५० किलोमीटर होतात. तुमचं काम १२४ चं. जमतं.

तीच गाडी शंभराच्या पुढे हाकलत नेली तर किलोमीटरला १६५ लागतात आणि हिशेब १३३ वर येतो. अजून चार वर्षांनी बॅटरी आणखी आठ-दहा टक्के उतरली की शंभरच्या वेगाने तुम्ही १२० च्या आसपास याल, म्हणजे घर गाठताना राखीव चार्ज खात याल. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून महामार्गावर पायाखालचा वेगच रेंज ठरवतो. एसीचा धसका लोक उगाच घेतात. दीड-दोन तासांच्या प्रवासात एसी दोन-तीन युनिट खातो. त्याच्यासाठी खिडक्या उघडून ४४ अंशांत घाम गाळत जायची गरज नाही. तसंही आपल्या हायवेवर कापसाच्या दिवसांत रात्री विनालाइटच्या ट्रॉल्या असतात, ऐंशी हा वेग जिवासाठीही बरा.

टियागोचं सांगतो. तुम्ही बघितलेली २४ युनिटची असेल तर वापरता येण्याजोगे एकवीस धरा, राखीव काढून अठरा. गाडी हलकी आहे, १३५ वॅट-तासांत जाते. हिशेब १३३ किलोमीटरचा येतो. आज जमेल, तीन वर्षांनी जमणार नाही. १९.२ वाली असेल तर आजही नाही. अपवाद एकच, आणि तो मोठा आहे: कंपनीत दिवसभर गाडी लावता तिथे १५ अँपिअरचा एक सॉकेट मिळाला तर. आठ तासांत त्या साध्या सॉकेटमधून वीस-बावीस युनिट सहज भरतात. मग तुमचा प्रवास १२४ चा राहत नाही, ६२ चा होतो, आणि टियागोही निवांत चालते, वरचे सव्वा लाख वाचतात. म्हणून गाडी बघायच्या आधी कंपनीच्या मेंटेनन्सवाल्यांशी बोला. सबमीटर लावा, युनिटचे पैसे पगारातून कापा म्हणावं. मी तीन-चार जणांना हे करायला लावलंय. दोन ठिकाणी लगेच हो म्हणाले, कारण कंपनीच्या लोडपुढे तीन किलोवॅट म्हणजे काहीच नाही.

घरचा सॉकेट तर लागतोच. त्यावर माझं मत पक्कं आहे: रात्री गाडी जिथे उभी राहते तिथे तुमच्या हक्काचा सॉकेट नसेल, तर जुनी इलेक्ट्रिक गाडी घेऊच नका, सीएनजी घ्या. हायवेच्या फास्ट चार्जरवर रोजची नोकरी चालत नाही. एखाद्या दिवशी मशीन बंद असतं, एखाद्या दिवशी पुढे दोन गाड्या असतात, आणि युनिटला वीस रुपयांच्या आसपास मोजले की बचतही तिसऱ्या हिश्शाने घटते. शिवाय मे महिन्यात तापलेल्या बॅटरीला फास्ट चार्जरही हळूच भरतो. तो अडीअडचणीला आणि नाशिक-पुण्याच्या प्रवासाला.

तुमचं घर स्वतःचं आहे, अंगणात गाडी राहते, म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं वायरमनकडून नीट करून घ्या. मीटरपासून थेट स्वतंत्र लाइन, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जास्त भार आला की लाइन तोडणारा स्वतःचा एमसीबी आणि वीज गळाली की तोडणारा आरसीसीबी. कूलरच्या बोर्डवरून ओढलेली एक्स्टेन्शन नको. गाडी सलग आठ-आठ तास पंधरा अँपिअर ओढते. मिक्सर-इस्त्रीसाठी टाकलेल्या वायरी इतका वेळ तो भार सोसत नाहीत.

आणि अर्थिंग. यावर मी थोडा थांबतो, कारण खान्देशात अर्ध्या तक्रारी इथून येतात. आपली काळी माती पावसाळ्यात ओली, फुगलेली असते तेव्हा अर्थिंग उत्तम. एप्रिल-मेमध्ये तीच माती कोरडी पडून हातभर भेगा पडतात, अर्थिंगच्या पट्टीभोवतीची माती सुटते आणि गाडी चार्जच घेत नाही. चार्जरवर लाल दिवा येतो, माणूस म्हणतो गाडी बिघडली. अमळनेरकडच्या एका गावात मी असाच गेलो होतो. दोन दिवस गाडी उभी होती, टो करून जळगावला न्यायची तयारी चालली होती. मल्टिमीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये ३० व्होल्ट. अर्थिंगच्या खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं, अर्ध्या तासाने १२ व्होल्ट, अजून चार बादल्या, मग ५. गाडीने चार्ज घ्यायला सुरुवात केली. आजीबाई खाटेवर बसून बघत होत्या, म्हणाल्या, गाडीला पाणी पाजलं का रे? तर उन्हाळ्यात दर चार दिवसांनी अर्थिंगच्या पाइपात पाणी घाला, आणि नवीन करत असाल तर खड्ड्यात मीठ-कोळसा किंवा तयार पावडर भरून, वर पाणी घालायला तोंड ठेवून करा.

बिलाचंही बघा. रोज बॅटरीतून १६ ते १८ युनिट जातील, चार्जिंगमधली घट धरून मीटरवर अठरा ते वीस. महिन्याला साडेचारशे ते पाचशे. घरचे दीडशे मिळवले की तुम्ही महावितरणच्या पाचशेच्या वरच्या टप्प्यात जाता, आणि घरगुती दर टप्प्याटप्प्याने कसा चढतो हे तुम्ही बिलावर बघितलंच असेल. ईव्ही चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन घेता येतं, त्याला टप्पे नाहीत. तुमच्या वापराला तेच बरं. नाहीतर छतावर सोलर: पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, आणि तीन किलोवॅट आपल्याकडच्या उन्हात दिवसाला सरासरी बाराच्या आसपास युनिट देतं. गाडी दिवसा जळगावात असते, पण नेट मीटरिंगमुळे दिवसाची वीज रात्री वळती होते. दोन-तीन वर्षं गाडी वापरून मग सोलरचा विचार केलात तरी चालेल, एकदम दोन्ही कर्जं नकोत.

सरासरी दहा रुपये युनिट धरलं तरी इलेक्ट्रिकचा किलोमीटरला दीड रुपया पडतो, तुमच्या पेट्रोल गाडीचा सहा. सीएनजीचा खर्च इलेक्ट्रिकच्या दुपटीहून थोडा जास्त. म्हणजे घरच्यांचं म्हणणं वेडेपणाचं नाही, सीएनजी घेतलीत तरी पेट्रोलचा निम्म्याच्या जवळपास खर्च वाचतो. पण वर्षाला ३७ हजार किलोमीटरला इलेक्ट्रिक आणि सीएनजीतला फरक सत्तर हजारांच्या आसपास जातो. तीन वर्षांत दोन लाख. बॅटरीची भीती तोलायची तर ती या दोन लाखांशी तोला.

माझ्या मेहुण्याची गोष्ट सांगतो, कारण ती माझीही चूक होती. तीन वर्षांपूर्वी त्याने परराज्यातून टॅक्सीला चाललेली एक इलेक्ट्रिक सेडान घेतली. फार स्वस्त. १ लाख ६४ हजार किलोमीटर. मी फोनवरूनच म्हणालो, भाव बघता घे. प्रत्यक्ष जाऊन बघितली नाही. हिवाळ्यात गाडी छान चालली. मे महिन्यात एक दिवस जळगावहून धुळ्याला येताना एरंडोल सोडलं तेव्हा पडद्यावर २२ टक्के होते. पुढच्या चार किलोमीटरमध्ये ९. मग कासवाचं चिन्ह लागलं, गाडी ताशी पंचवीसने रांगायला लागली आणि एका उसाच्या रसाच्या गाड्यापाशी बंद पडली. मागे दोन मुलं, दुपारचे अडीच. रसवाला भला माणूस, म्हणाला, "चाल भाऊ, ट्रॅक्टरनी ओढी लेऊत." आणि ओढलीही, दोनशे मीटर. मी फोनवर ओरडून थांबवलं. पुढची चाकं जमिनीवर ठेवून अशी गाडी ओढली की मोटर फिरते, जनित्रासारखी वीज तयार करते आणि कंट्रोलर जळू शकतो. नेहमी चारही चाकं उचलणारा फ्लॅटबेडच बोलवायचा.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला वाचन घेतलं. शंभराच्या आसपास सेलांपैकी दोन सेल बाकीच्यांपेक्षा फार लवकर खाली जात होते. आख्ख्या पॅकची, म्हणजे सगळे सेल मिळून झालेल्या बॅटरीची, ताकद सगळ्यात कमकुवत सेल ठरवतो. ते दोन रिकामे झाले की बाकीच्यांत वीज असली तरी गाडी थांबते. पडदा मात्र सरासरी दाखवत राहतो. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत, आणि टाटांच्या गाड्यांत तीच असते, हे जास्त फसवं असतं, कारण तिचं व्होल्टेज ८० टक्क्यांपासून २५ टक्क्यांपर्यंत जवळजवळ सपाट राहतं. दोष दिसतो तो फक्त अगदी तळाला आणि अगदी टोकाला. वॉरंटी किलोमीटरमध्ये केव्हाच संपलेली. पॅक उघडून ते दोन सेल असलेला भाग बदलायला जो खर्च आला तो गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतका. मेहुणा मला अजून काही बोललेला नाही, पण तेव्हापासून मी न बघितलेल्या गाडीला 'घे' म्हणत नाही.

म्हणून नाशिकला जाताना मालकाला सांगा, गाडी आदल्या रात्री फास्ट चार्जरवर नाही, घरच्या सॉकेटवर पूर्ण भरा. शक्य असेल तर भरायच्या आधीचे टक्के आणि लाइटच्या मीटरचं वाचन, भरल्यानंतरचं वाचन, दोन्हींचे फोटो मागवा. २० टक्क्यांवरून १०० पर्यंत भरायला मीटरवर २४ युनिट लागले, तर चार्जिंगची बारा टक्के घट काढून बॅटरीत २१ गेले. ते ८० टक्क्यांचे, म्हणून पूर्ण बॅटरी २६. ही तुम्हाला हवी तशी गाडी. तेच भरायला १९ च लागले तर पूर्ण बॅटरी २१ ची, तिथूनच नमस्कार करा, नाशिकचं भाडं वाचवा.

मग सकाळी गाडी घेऊन नाशिकहून चांदवडपर्यंत जा आणि परत या. ते जाऊन-येऊन १२५-१३० किलोमीटर भरतं, जवळजवळ तुमच्या रोजच्याइतकं. ऐंशी-नव्वदने, एसी लावून. दर वीस किलोमीटरला टक्के वहीत लिहा. चांगल्या बॅटरीचे टक्के एका चालीने उतरतात, वीस किलोमीटरला दहा-अकरा, जास्तीत जास्त बारा. घाटात जास्त जातील, उतरताना काही परत येतील, ते ठीक. मला भीती उड्यांची आहे, म्हणजे सपाट रस्त्यावर दोन किलोमीटरमध्ये पाच टक्के गेले तर. आणि परत येताना ३० टक्क्यांच्या खाली गाडी आली की, रस्ता मोकळा बघून, एक-दोनदा पाय पूर्ण दाबा. कमकुवत सेल असेल तर तो जास्त करंट आणि कमी चार्ज एकत्र आल्यावरच उघडा पडतो. म्हणूनच विकणारे गाडी नेहमी शंभर टक्के भरून पाच किलोमीटरची चक्कर देतात. ज्याला १३० किलोमीटर द्यायची नाही त्याच्याकडून घ्यायची नाही, एवढं सोपं ठेवा. त्याला वीजेचे आणि दिवसाचे हजार रुपये द्या, वर जेवण द्या.

जमत असेल तर गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं ओबीडी डोंगल आणि फोनमधलं ॲप घेऊन जाणारा कुणी सोबत न्या. एसओएच नावाचा बॅटरीच्या तब्येतीचा आकडा बघायचाच, पण माझा त्याच्यावर पूर्ण भरवसा नाही, तो गाडीच्याच कॉम्प्युटरचा अंदाज असतो. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या सेलच्या व्होल्टेजमधला फरक मला जास्त सांगतो. मधल्या चार्जला तो दोन-तीन शतांश व्होल्टच्या आत हवा. २० टक्क्यांवर आल्यावर तो किती वाढतो ते बघा.

बाकी तपासणी पेट्रोल गाडीपेक्षा कमी आहे. इंजिन ऑइल, क्लच, टायमिंग बेल्ट, काही नाही. पण गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा. बॅटरीचा पॅक पोटाशी असतो, आणि आपल्याकडचे गावागावातले स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहेत. खरचटलेलं चालेल, दबलेलं नको. उच्च दाबाच्या नारिंगी केबलींवर उंदराचे दात बघा. खान्देशात कापूस घरात भरून ठेवतात, तिथे उंदीर येतात, आणि त्या केबली साध्या वायरीसारख्या जोडून चालत नाहीत, केबलींचा आख्खा जुडगा बदलावा लागतो. तुम्हीही गाडी कापसाच्या खोलीशेजारी लावू नका. टायर बदललेले असतील तर कोणते टाकलेत ते बघा, कंपनीचे कमी घर्षणाचे टायर काढून जाडजूड टायर टाकले की रेंज पाच-दहा टक्के पडते आणि माणूस बॅटरीला दोष देतो. कूलंटची पातळी बघा. बोनेटखाली साधी बारा व्होल्टची बॅटरी याही गाडीत असते, ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उघडत नाही. चार वर्षांपेक्षा जुनी असेल तर घेतल्याबरोबर बदला.

सोबत मिळणारा चार्जर हातात घेऊन प्लग जवळून बघा. पितळी पिना पिवळ्या, चकचकीत असतील तर मालकाने गाडी नीट चार्ज केली आहे. एक पिन काळी पडलेली, भोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं असेल तर वर्षानुवर्षं ढिल्या सॉकेटवर चार्जिंग झालंय. त्याने बॅटरी मरत नाही, पण मालक कसा होता ते कळतं.

नंबर प्लेट बघा. खासगी इलेक्ट्रिक गाडीची हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं, टॅक्सीची हिरव्यावर पिवळी. पिवळ्यावरून पांढरी करून आणलेली गाडी असते, ते आरसीच्या इतिहासात दिसतं. टॅक्सी म्हणजे वाईटच असं नाही, पण दिवसातून दोनदा फास्ट चार्जरवर भरलेली गाडी तुमच्या कामाची नाही. त्यातल्या फार जुन्या टॅक्सी गाड्यांना तर चार्जिंगचं तोंडच वेगळं, जुन्या भारत डीसी प्रकारचं असतं. आजच्या सीसीएस-२ च्या फास्ट चार्जरला त्या लागतच नाहीत. हल्ली दिल्ली-हरियाणाकडून अशा गाड्या भरपूर येतात. परराज्यातली घेतली की तिकडच्या आरटीओची एनओसी, इकडे नवीन नोंदणी, इकडचा नंबर पडेपर्यंत दोन-तीन महिने जातात. तुमची नाशिकची आहे, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर काम होईल. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र घेऊन बोजा उतरवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. एमजी विंडसरसारख्या गाडीकडे वळलात तर बॅटरी भाड्याची आहे की मालकीची, हेही विचारा. भाड्याची असली तर किलोमीटरमागचे पैसे तुमच्या मानगुटीवर येतात.

विमा चौदा दिवसांत नावावर करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्यासोबत जातो, म्हणून हप्ता वाढलेला दिसला तर दचकू नका. आणि मालकाच्या मोबाइलमधल्या ॲपवरून गाडी काढून तुमच्या नावावर जोडायला विसरू नका, नाहीतर गाडी कुठे आहे ते त्याला दिसत राहतं.

टोलबद्दल गैरसमज आहे म्हणून सांगतो. इलेक्ट्रिक गाडीला राज्याने समृद्धी, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि अटल सेतूवर टोलमाफी दिली आहे. तुमचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे, तिथे ती लागू नाही. तिथे फास्टॅगचा वार्षिक पास घ्या. १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत २०० वेळा नाका ओलांडता येत होता. तुम्हाला दिवसात दोनदा नाका ओलांडावा लागत असेल तर शंभर दिवसांत तो संपेल. वर्षाला तीन लागतील, तरी सुट्या टोलपेक्षा स्वस्त.

तर नाशिकच्या गाडीचं. तपासणीत बॅटरी २६ च्या वर निघाली, वॉरंटीचा कागद हातात आला, तर सव्वासात जास्त आहेत, पण पावणेसात देऊन घ्या. भाव करताना मीटरचाच मुद्दा धरा. १ लाख ६० हजारांपैकी तिसऱ्या भागाहून जास्त वॉरंटी वापरून झाली आहे, एवढं शांतपणे मांडा. बजेट दीड-दोन लाखांनी ताणता येत असेल तर ४०.५ युनिटची नेक्सॉन ईव्ही मॅक्स शोधा, २०२२ च्या मेमध्ये आलेली. तुमच्या १२४ ला ती दहा वर्षं पुरेल, शंभराच्या वेगालाही, आणि एखाद्या रात्री वीज गेली तरी दुसऱ्या दिवशीची नोकरी चुकणार नाही. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या वादळात दोन दोन दिवस वीज जाते, त्या आठवड्यात तुम्हाला हे आठवेल. ताणता येत नसेल तर ओढाताण करू नका, तीस युनिटची गाडी तुमचं काम करते, फक्त ऐंशीने चालवायची.

नाशिकहून गाडी आणताना पारोळ्यापर्यंत दोनशेच्या जवळ किलोमीटर होतात, एका चार्जमध्ये ओढू नका. मालेगावजवळ चाळीस मिनिटं फास्ट चार्जरला लावा, आधी ॲपवर मशीन चालू आहे का बघून. घरी पोहोचल्यावर रात्री सॉकेटला लावायच्या आधी टक्के आणि मीटर लिहा, सकाळी परत लिहा. तो कागद जपून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी त्याच पद्धतीने एकदा मोजा. वॉरंटी संपायच्या चार-सहा महिने आधी आकडा घसरलेला दिसला, तर तेव्हाच सर्व्हिस सेंटरला लेखी तक्रार नोंदवायची. आणि नाशिकला निघायच्या आधी मला मीटरचे फोटो पाठवा, मी बघून सांगतो जायचं की नाही.